तुळजाआक्काची चौकशी

चांद्यात कुणी नवा माणूस पत्ता विचारत आला आणि तुळजाआक्काच्या ओट्यावर चहा न पिता गेला, असं सहसा व्हायचं नाही. पत्ता कुणाचाही असो, आक्का आधी पाव्हण्याला बसवणार, तांब्याभर पाणी पुढं करणार, मग 'कुटलं गाव म्हनायचं?' इथून सुरुवात करून त्याच्या आजोळापर्यंत जाऊन येणार, आणि शेवटी पायात चपला सरकवून त्याला दारापर्यंत सोडायलाही जाणार. शहरात असं कुणी केलं तर लोक भोचक म्हणतील. आमच्या मुळशीत त्याला माणुसकी म्हणतात, आणि आक्काकडं ती जरा उतू जाईल इतकी होती.

मालक गेल्यावर आक्कानं भाताची दोन खाचरं विकली, राहत्या जागेवर दुमजली इमारत उठवली आणि वरच्या खोल्या हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्यानं दिल्या. मुलगा पिरंगुटला कारखान्यात. त्यानं हौसेनं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर हातभर अक्षरांत 'तुळजाई निवास, चांदे' असं रंगवून घेतलं. आक्काला कोण आनंद! रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून ती मान वर करून वाचायला लावायची. वाचता येत नसेल तर स्वतः वाचून दाखवायची.

पण तिची खरी ख्याती निराळीच होती. आपल्याकडं स्थळ बघायचं म्हणजे मुलाकडचे आधी हळूच गावात येतात आणि शेजारीपाजारी चौकशी करतात. मुलगी कशी आहे, घरचं वळण कसं आहे, आई भांडकुदळ तर नाही ना. शेजारणीनं नुसतं नाक मुरडलं तरी स्थळ माघारी. चांद्यातल्या असल्या चौकशा वर्षानुवर्षं आक्काच्या ओट्यावरच यायच्या, आणि आक्का काही हातचं राखून बोलणारी बाई नव्हे. पोरीचे गुण अशी गायची, की पाव्हण्यांनी तिथंच सुपारी फोडावी. घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून म्हणतात. आक्कानं घर स्वतःचं पाहिलं होतं आणि लग्नं अख्ख्या आळीची.

वर कोपऱ्यातल्या खोलीत जान्हवी राहायची. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरची पोर. कंपनीत कामाला. वडिलांचं, हैबतरावांचं, तिकडं खताबियाण्याचं दुकान. त्यांनी लेकीला एवढ्या लांब धाडलं होतं ते एका अटीवर: काही वेडंवाकडं कानावर आलं, की बॅग भरायची आणि घरी यायचं, पुढं आम्ही बघू ते स्थळ. जान्हवीनं अट हसत मान्य केली होती. तिला नोकरी आवडायची, पण त्याहून जास्त आवडायची ती खोली. जन्मात पहिल्यांदा एका दाराची किल्ली फक्त तिच्याकडं होती. ती किल्ली ती झोपतानाही उशाशी ठेवायची.

वडिलांनी लग्नाच्या साईटवर तिचं नाव घातलेलंच होतं. तिथं सगळे पत्रिका आणि पगार विचारायचे, ही काय वाचते, कशाला हसते हे कुणी विचारत नसे. म्हणून तिनं आपल्या मनानं दुसऱ्या एका ॲपवर नाव घातलं. आधी बोलायचं, पटलं तर भेटायचं, पुढचं पुढं. यात वाईट काय? काहीच नाही. फक्त हे घरी ठाऊक नव्हतं. तिथं तिला एक 'वेदांत' भेटला. बोलायला गोड. महिनाभर गप्पा झाल्या. मग एकदा हिंजवडीला कॉफी प्यायला भेटले, तर हा वेटरवर खेकसला आणि वर तिला म्हणाला, "तुझा फोन दाखव, अजून कोणाकोणाशी बोलतेस बघू." जान्हवी उठली, आपल्या कॉफीचे पैसे टेबलावर ठेवून निघून आली आणि घरी येऊन तिनं त्याला ब्लॉक करून टाकलं. शहाणी पोर. तिला वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. ॲपवर तिनं गच्चीवरचा एक फोटो टाकला होता. वारा, केस, मागं डोंगर. चेहरा इतका छान आला होता, की मागची टाकी तिच्या ध्यानातच आली नाही.

एका दुपारी आक्काच्या फाटकापाशी मोटरसायकल थांबली. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, आल्या आल्या वाकून नमस्कार.

"मावशी, जान्हवी इथंच राहते ना? आमच्याकडून स्थळ बघतोय. म्हटलं, आधी चौकशी करावी."

स्थळ! हा शब्द कानावर पडला आणि आक्काचं अंग मोहरलं. मुलगा स्वतःच चौकशीला आलाय, हे तिला क्षणभर खटकलं. चौकशीला मोठी माणसं येतात, नवरदेव येत नाही. पण हल्लीची पोरं, त्यांना कुटला आलाय दम, म्हणून तिनं ते सोडून दिलं. 'कुटलं गाव?' तेवढं विचारलं. तो म्हणाला, भोरकडचा. झालं, आक्कानं चहा टाकला.

"पोर सोन्यासारकी हाय बगा. सकाळी साडेआठला स्कूटी काडती, सातला घरात. हिकडं न्हाई, तिकडं न्हाई. बुधवारी घरनंच काम करती, दार लावून येकलीच बसलेली आस्ती बिचारी. बाप लई मोठा मानूस, जिंतूरला खताचं दुकान हाय. हैबतराव म्हना, कोनबी सांगंल. डोळं झाकून करा!"

तो सगळं ऐकत होता, मान डोलवत होता. आक्कानं त्याला फाटकापर्यंत सोडलं आणि वरची खोलीही बोटानं दाखवली. जान्हवीला मात्र यातलं एक अक्षर सांगितलं नाही, कारण मुलीला आधी सांगायचं नसतं. स्थळ पक्कं झाल्यावर पोरीच्या तोंडावरचं हसू बघायचं, हीच तर आक्काची खरी दक्षिणा होती.

पुढच्या आठवड्यात जान्हवीचं हसू दिसेनासंच झालं. ती जेवेना, गच्चीवर येईना. आक्का वाटीत पिठलं घेऊन वर गेली तर दार उघडायला पोरीनं कितीतरी वेळ लावला, आणि आत बघते तर पलंगावर बॅग उघडी.

"आगं बया! कुटं निगालीस?"

जान्हवीला रडू फुटलं. इतके दिवस दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तो ॲपवरचा, ती कॉफी, आणि आता अनोळखी नंबरवरून येणारे निरोप. तिनं फोनच आक्काच्या हातात दिला. आक्कानं डोळे बारीक करून वाचलं. 'बुधवारी एकटीच असतेस ना? येऊ?' त्याखाली, 'हैबतरावांच्या दुकानाचा नंबर मिळाला. तू कुठल्या ॲपवर असतेस ते त्यांना कळवू का?'

"पप्पांना कळलं तर संपलं, काकू. ते विचारणारसुद्धा नाहीत. सरळ न्यायला येतील. त्यापेक्षा मीच जाते." तिनं डोळे पुसले. "घर त्यानं फोटोवरून शोधलं असेल. टाकीवर नाव आहे, ते मला आत्ता दिसलं. पण बुधवारचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. दुकानाचंही नाही. हे त्याला सांगितलं कुणी?"

आक्कानं हातातली वाटी खाली ठेवली. पेढ्याचा पुडा आठवला. बोटानं दाखवलेली खोली आठवली. गप्प बसता आलं असतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. पण आक्का मटकन् पलंगावर बसली.

"म्या सांगितलं," ती म्हणाली. "म्या भवानीनं सांगितलं. त्यो स्थळ म्हनून आलता, अन् माजी जीब चालली."

"काकू, तुम्ही?"

"व्हय. तू चार आनं सांगितलंस, बारा आनं म्या. आता मार मला, बोल मला, पन बॅग बंद कर."

जान्हवीला राग आला होता, आणि का येऊ नये? ती खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. आक्का उठली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिच्या ध्यानात आलं नाही. आजवर आपल्या शब्दानं पोरी नांदायला गेल्या, याचा तिला केवढा तोरा होता! आता त्याच शब्दानं एक पोर हातातली भाकरी टाकून निघाली होती. तिला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेच्या मागोमाग असा संताप आला, की तिनं पदर कमरेला खोचला.

"हे बग, पोरी. त्याच्या हातात येकच काठी हाय, तुज्या बापाची. त्यो सांगायच्या आदी तू सांग. काठी मोडून टाक."

"पप्पा नेतील मला."

"न्हेतील तवा बगू. पन त्या मुडद्याला भिऊन जाऊ नगं. बापाला भिऊन गेलीस तर येकवेळ चालंल."

या बोलण्यावर जान्हवीला रडता रडता हसू आलं. तिनं आक्कासमोरच फोन लावला आणि सगळं सांगितलं. ॲप, फोटो, वेदांत, धमकी. मग हैबतराव म्हणाले, "बरं." आणि फोन कट झाला. तिनं पुन्हा लावला, त्यांनी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का तिला घेऊन पोलीस चौकीत गेली. साहेबांनी निरोप बघितले, तक्रार लिहून घेतली, फोन नंबर कुणाच्या नावावर आहे ते काढायला वेळ लागेल म्हणाले, आणि तो पुन्हा आला तर लगेच कळवा, असं सांगितलं.

तो बुधवारीच आला. पुन्हा इस्त्रीचा शर्ट. जान्हवी त्या वेळी आक्काच्या स्वयंपाकघरात सुनेपाशी, रेश्मापाशी बसून काम करत होती. आवाज ऐकताच ती पांढरीफटक पडली. रेश्मानं तिला चौकीचा नंबर लावून दिला. पण पोलीस यायला वेळ लागणार, तोवर याला धरून ठेवायचा कसा? तो तर सरळ जिन्याकडं निघाला होता.

"आवं पाव्हनं!" आक्कानं ओट्यावरून हाक मारली. "तितं कुटं? त्या दिशी तुमची चौकशी ऱ्हायलीच की. मुलीची झाली, आता मुलाची नगं व्हय करायला? बसा. आगं रेश्मे, पव्हं टाक!"

आता जिन्यावर जावं तर संशय येणार. तो बसला. आक्कानं चटई ओढून त्याच्या आणि जिन्याच्या मध्ये बैठक मारली.

"नाव काय म्हनलात?"

"वेदांत."

"मोटं गोड नाव. भोरकडं गाव कुटलं?"

त्यानं सांगितलं. इथं गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं चांगली आहेत.

"कुलदैवत? आजोळ? मामा काय करत्यात?"

चौकशीत प्रश्नाला लागून प्रश्न येतो. पहिलं खोटं सांगता येतं, दुसरंही येतं, पण आक्कासारखी बाई समोर असली की आजोळाचं गाव खोटं सांगायला फार मोठा कसबी लागतो. हा काही तसा नव्हता. दोन-तीन गावं चुकीची घेऊन तो अडखळला, आणि शेवटी वैतागून खरं बोलून बसला. मामा कोंडाजी, गिरणी आहे.

रेश्माचं माहेर भोरकडच्याच खोऱ्यातलं. आत पोहे परतता परतता तिनं फोन खांद्यात धरला आणि मावशीला लावला. मावशीनं गिरणीवर लावला. पोह्यांवर कोथिंबीर पडली तेव्हा रेश्मा बशी घेऊन बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "आई, कोंडाजीमामांच्या भाच्याचं नाव रोहित हाय. वेदांत त्यांच्यात कुनीच न्हाई." मग त्याच्यापुढं फोन धरला. "मामा बोलत्यात. घ्या."

फोनमधून मामांचा आवाज ओट्यावर सगळ्यांना ऐकू येत होता. "आरं रोहित्या, कुटं तडफडलायस? अन् कुनाच्या दारात स्थळ म्हनून गेलायस?"

रोहित असा उठला, की पोह्यांची बशी उलटली. पण फाटकात आळीतल्या चार म्हाताऱ्या उभ्या होत्या. 'आक्काकडं स्थळ आलंय' म्हणून बघायला जमलेल्या. त्या काही हलल्या नाहीत. तेवढ्यात पोलिसांची जीप आली.

चौकीत मामा आला, वडील आले. दोघंही भली माणसं, शरमेनं मान खाली. "पोरगं हाय, चूक झाली, मिटवून टाका," म्हणाले. आक्काची जीभ पुन्हा वळवळली होती, पण ती मोठ्या कष्टानं गप्प बसली आणि तिनं जान्हवीकडं पाहिलं.

"मिटवायचं नाही," जान्हवी म्हणाली. "तक्रार आहे तशीच राहील. अजून कुणाच्या दारात तो गेला असेल तर?"

त्या संध्याकाळी आक्का गावात फिरली. चहाची टपरी, किराणा दुकान, रिक्षावाले, सगळीकडं जाऊन एकच सांगितलं, "आपल्या पोरींचं कुनी काय इचारलं, मग त्यो देव असू दे, तोंडाला कुलूप. झाकली मूठ सव्वा लाकाची." लोक हसले. आक्काकडून गप्प बसायचा धडा घ्यायचा म्हणजे काय! पण मुलाला सांगून तिनं टाकीवरची अक्षरं पांढऱ्या रंगानं पुसून घेतली, तेव्हा कुणी हसलं नाही. जान्हवीनं ॲप काढून टाकलं नाही. का काढावं? तिनं फोटो बदलले, कंपनीचं आणि गावाचं नाव काढलं, आणि भेटायला जाताना कुठं चाललोय ते आक्काला सांगायचं ठरवलं. आक्काला. म्हणजे बघा.

सगळं मार्गी लागलं, एक सोडून. हैबतराव फोन उचलत नव्हते. जान्हवीची बॅग अजून पलंगाखाली भरलेलीच होती.

आणि एका सकाळी चांद्यात कुणी आधी कधी न पाहिलेला एक उंच, धोतरटोपीतला माणूस पिशवी घेऊन उतरला. त्यानं टपरीवर विचारलं, "जान्हवी म्हणून पोरगी राहते का हो इथं?" टपरीवाला म्हणाला, "कोन जान्हवी?" किराणा दुकानात विचारलं, तुळजाई निवास कुठं? दुकानदार समोरच्याच इमारतीकडं पाठ करून म्हणाला, "नाव ऐकल्यासारकं वाटत न्हाई." शेवटी तो माणूस आपल्या अंदाजानं आक्काच्या फाटकात आला.

"कुनी जान्हवी ऱ्हात न्हाई हितं," आक्कानं ठणकावलं. "पानी प्या अन् जावा."

"अहो, मी तिचा बाप आहे!"

"मागं येक आलता, त्यो नवरा व्हायला आलता. बसा तितंच, पायरी चढू नगा. गाव कुटलं? आजोळ कुटलं? दुकानात काय इकता? पोरगी ल्हानपनी कशाला भेत हुती?"

तो माणूस बिचारा उन्हात बसून एकेक उत्तर देत राहिला. आजोळ सेलूचं. खत, बियाणं, फवारणीचे पंप. "पालीला भ्यायची," तो म्हणाला, "पाल दिसली की माझ्या खांद्यावर चढायची." आक्काचं काळीज हललं, पण ती हलली नाही. तिनं रेश्माला खूण केली. रेश्मानं त्याचा फोटो काढून जान्हवीला पाठवला.

ऑफिसातून पोर स्कूटी पळवत आली आणि फाटकातच थबकली. उन्हानं लाल झालेला बाप पायरीखाली बसलेला, आणि पायरीवर आक्का.

"पप्पा…"

"न्यायला आलो होतो तुला," हैबतराव म्हणाले. "त्या दिवशी फोन ठेवला, कारण काय बोलावं तेच सुचेना, माय. राग आला होता. पण जास्त भ्या वाटलं. दूर गावात माझं लेकरू, तिथं कोण आहे तिचं?" त्यांनी आक्काकडं पाहिलं आणि डोळे पुसत हसले. "आता बघितलं, कोण आहे ते."

आक्का शरमली. मग उठून पहिल्यांदा त्यांना पायरी चढू दिली, आणि त्या दिवशी इंद्रायणीचा भात असा घातला, की हैबतरावांना पान सोडवेना. खोली त्यांनी बघितली, कडी हलवून बघितली, पलंगाखालची भरलेली बॅग ओढून स्वतःच्या हातानं रिकामी केली. पिशवीतली शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ फळीवर लावलं. ॲपचा विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाले, "पुढं कोणी पटला तर आधी या मावशींच्या ओट्यावर आण. यांच्यापुढं टिकला तर मला कळव."

निघताना त्यांनी विचारलं, "आक्का, पुढच्या वेळी आलो तर ओळखाल ना?"

"आदी पोरीला फोन करून या," आक्का म्हणाली. "न्हाईतर म्या न्हाई वळखनार."

गाडीत बसल्यावर हैबतरावांनी जिंतूरला बायकोला फोन लावला. ती सकाळपासून देवापुढं बसली होती. "आणलीत का पोरीला?" तिनं विचारलं.

"नाही आणली," हैबतराव म्हणाले. "काळजी करू नको. तिथं बापालासुद्धा आत घेत नाहीत."